मंदावलेली नजर आणि पेशींचे नियोजित मरण

हा लेख पुढे वाचण्याआधी एक सोपा प्रयोग करून पाहा. एका मित्राला समोर बसवा. त्याच्या डोळ्यांपासून सुमारे ६० सेंटिमीटर अंतरावर दोन पेन्सिली उभ्या धरा. दोन पेन्सिलींमध्ये २० सेंटिमीटर अंतर असू द्या. आता त्याला डोके न हलवता एकदा या पेन्सिलीकडे आणि एकदा त्या पेन्सिलीकडे बघायला सांगा आणि त्याच्या बुबुळांकडे लक्ष द्या. ती हळूहळू सरकत जात नाहीत, एकदम उडी मारतात.

ही उडी किती वेगाची असते? भूमिती करून पाहिलीत तर दोन पेन्सिलींनी डोळ्याशी केलेला कोन जवळजवळ २० अंशांचा येईल. एवढे अंतर कापायला निरोगी डोळ्याला एका सेकंदाचा साधारण पंधरावा भाग पुरतो. म्हणजे सरासरी वेग झाला सेकंदाला ३०० अंश. घड्याळाचा सेकंदकाटा एका सेकंदात फक्त ६ अंश फिरतो. ग्रामोफोनची मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी मोठी तबकडी सेकंदाला २०० अंश फिरते. आपले डोळे तबकडीपेक्षाही चपळ आहेत आणि दिवसभरात ते अशा हजारो उड्या मारतात, पण आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता प्रश्न असा की, ही उडी मंदावली तर? डोळे तेच, बुबुळे फिरवणारे स्नायू तेच, दृष्टीही शाबूत. फक्त उडीच्या जागी संथ सरकणे आले तर त्याचा अर्थ काय? या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात झाली.

नऊ कुटुंबांची नोंद

डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (१९२५–२०१६) हे मेंदूविकारांचे तज्ज्ञ. जे. जे. रुग्णालयातील मेंदूविकार विभागाची उभारणी त्यांनी केली. त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये काही जण असे होते की ज्यांचा चालताना तोल जाई, पाय फाकून चालावे लागे, बोलणे अडखळे आणि पेला उचलताना हात थरथरे. चौकशी केली की कळे, वडिलांना असेच होते, आत्यालाही होते. वंशपरंपरेने येणारे असे तोल जाण्याचे विकार वैद्यकशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होते. पण वाडिया आणि त्यांचे सहकारी डॉ. आर. के. स्वामी यांना यांपैकी काही कुटुंबांत आणखी एक गोष्ट दिसली. या रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे उडी मारत नव्हती. बुबुळे जडपणे सरकत सरकत जात.

अशी नऊ कुटुंबे त्यांनी तपासली आणि १९७१ साली लंडनच्या 'ब्रेन' या नियतकालिकात त्यांची माहिती प्रसिद्ध केली. हा एक निराळा आनुवंशिक विकार आहे, असे त्यांनी मांडले. त्या काळात जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र काढण्याची आजच्यासारखी सोय नव्हती. सीटी स्कॅन यंत्राने रुग्णाच्या मेंदूचे पहिले चित्र लंडनमध्ये घेतले गेले, तेही १९७१ सालच्या ऑक्टोबरात. मुंबईच्या डॉक्टरांजवळ होते ते त्यांचे डोळे, चिकाटी आणि घराण्यांची वंशावळ काढण्याची शिस्त.

नजर मंद का झाली? आपल्या मेंदूच्या खालच्या भागाला मस्तिष्कस्तंभ म्हणतात. त्यात 'सेतू' नावाचा एक भाग आहे. तेथील काही चेतापेशी डोळ्याच्या उडीच्या क्षणी संदेशांचा एक जोरदार सपाटा स्नायूंकडे पाठवतात. या चेतापेशी कमी झाल्या की सपाटा दुबळा होतो आणि उडी मंदावते. तोल जाण्याचे कारण मात्र दुसरीकडे, मेंदूच्या मागच्या बाजूला असलेल्या अनुमस्तिष्कात आहे. तेथील 'पुर्किन्ये पेशी' नावाच्या मोठ्या, झाडासारख्या फांद्या फुटलेल्या चेतापेशी या विकारात नाहीशा होत जातात. थोडक्यात, डोळ्यांतून दिसणारी ती मंद हालचाल म्हणजे आत चाललेल्या पेशींच्या मरणाची खूण होती.

पेशी मरतात म्हणजे नेमके काय होते, या प्रश्नाला एक नवे उत्तर मिळण्याचा काळही नेमका तोच होता.

गारपीट आणि पानगळ

मराठवाड्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी गारपीट होते. गारांच्या माऱ्याने पाने फाटतात, फांद्या सोलवटतात, जखमांतून रस गळतो, पुढे त्या जखमांत कीडही शिरते. त्याच दिवसांत गौताळ्याच्या जंगलात गेलात तर सागाची पाने गळून पडलेली दिसतील. तेथे मात्र जखम कुठेच नसते. झाड आधी पानातील उपयोगी द्रव्ये परत ओढून घेते, देठाच्या तळाशी पेशींचा एक थर तयार करते आणि मग पान अलगद सुटते. दोन्ही ठिकाणी पानेच गेली, पण एक अपघात आहे आणि दुसरी झाडाने स्वतः पार पाडलेली क्रिया आहे.

पेशींचे मरणही असेच दोन प्रकारचे असते. भाजले, चिरडले किंवा रक्तपुरवठा एकदम तुटला की पेशी फुगते, फुटते आणि आतील द्रव्ये बाहेर सांडतात. त्यामुळे शेजारच्या भागाला सूज येते, दाह होतो. हे गारपिटीचे मरण. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे विकृतिशास्त्रज्ञ जॉन केर यांना उंदरांच्या यकृतात याहून वेगळे दृश्य दिसले. तेथील काही पेशी फुगण्याऐवजी आकसत होत्या. त्यांचे लहान लहान तुकडे होत होते, प्रत्येक तुकड्याभोवती पातळ आवरण शाबूत होते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकत होत्या. काही सांडत नव्हते, सूजही येत नव्हती.

पुढे केर स्कॉटलंडमधील अ‍ॅबर्डीन येथे गेले. तेथे अँड्र्यू वायली आणि अ‍ॅलॅस्टेअर करी यांच्यासह त्यांनी १९७२ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि या मरणाला 'अपोप्टोसिस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ फुलाच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळून पडणे असा होतो. हा शब्द त्यांना अ‍ॅबर्डीनमधील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचवला होता. आपण त्याला नियोजित पेशीमृत्यू म्हणू. मुंबईचा निबंध १९७१ चा, अ‍ॅबर्डीनचा १९७२ चा. या दोन संशोधनांचा एकमेकांशी काही संबंध आहे, हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येण्याजोगे नव्हते.

मरणाने घडलेले शरीर

नियोजित मरण म्हणजे आजार नव्हे. उलट त्याच्यावाचून शरीर घडतच नाही. पावसाळ्यात डबक्यातले बेडूकमासे तुम्ही पाहिलेच असतील. पाय फुटू लागले की त्यांचे शेपूट आखूड होत जाते आणि अखेर नाहीसे होते. ते तुटून पडत नाही. शरीरातील थायरॉक्सिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढले की शेपटीतील पेशींना मरणाची आज्ञा मिळते आणि त्या पेशी विरघळून जातात.

तुमच्या हाताची बोटेही अशीच मोकळी झाली आहेत. आईच्या पोटात दुसऱ्या महिन्यात गर्भाचा पंजा वल्ह्यासारखा सपाट असतो. बोटांमधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि पाच बोटे सुटी होतात. बदकाच्या पायात त्या बऱ्याचशा जगतात, म्हणून त्याच्या बोटांत पडदा राहतो.

या मरणाचा काटेकोरपणा किती असतो, याचा हिशोब एका चिमुकल्या कृमीने दिला. 'सीनोरॅब्डायटिस एलेगन्स' असे त्याचे लांबलचक नाव असले तरी त्याची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. शरीर पारदर्शक, त्यामुळे आतील एकेक पेशी सूक्ष्मदर्शकातून दिसते. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकापुढे तासन् तास बसून प्रत्येक पेशीचा जन्म आणि मृत्यू टिपला. या कृमीच्या उभयलिंगी प्रकारात प्रजननपेशी सोडून १,०९० पेशी जन्माला येतात. त्यांपैकी १३१ मरतात आणि ९५९ उरतात. दर वेळी १३१ आणि दर वेळी त्याच! मरणाऱ्यांपैकी बहुतेक चेतापेशी होण्याच्या वाटेवर असतात.

मरणारी पेशी दर वेळी तीच असेल, तर ती आज्ञा कोठेतरी लिहिलेली असलीच पाहिजे. रॉबर्ट हॉर्विट्झ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९८६ साली या कृमीतील अशी दोन जनुके दाखवून दिली. ती बिघडली तर मरायच्या पेशी मरतच नाहीत. या कृमीवरच्या संशोधनासाठी सिडनी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आज्ञा कशी बजावली जाते?

कृमीतील त्या जनुकांची भावंडे माणसातही सापडली. त्यांच्या सांगण्यावरून तयार होणाऱ्या विकरांना 'कॅस्पेज' म्हणतात. ही प्रथिने कापणारी सूक्ष्म कात्रीच समजा. गंमत अशी की ही कात्री प्रत्येक पेशीत आधीपासूनच तयार असते, पण मिटलेली. ती उघडली की एक कॅस्पेज दुसऱ्याला उघडते, दुसरे तिसऱ्याला आणि थोड्याच वेळात पेशीचा सांगाडा, केंद्रकाचे आवरण, डीएनएचे धागे अशा सगळ्यांची पद्धतशीर काटछाट होते.

कात्री उघडायची की नाही, याचा निर्णय पुष्कळदा तंतुकणिकेपाशी होतो. तंतुकणिका म्हणजे पेशीचे वीजघर, हे तुम्ही पाठ्यपुस्तकात शिकला आहात. तेथे 'सायटोक्रोम सी' नावाचे प्रथिन ऊर्जानिर्मितीच्या कामात असते. जोपर्यंत ते तंतुकणिकेच्या आत आहे तोपर्यंत ते जीवनाचा सेवक आहे. तेच बाहेर गळाले की कात्री उघडण्याचा इशारा ठरते. हा शोध १९९६ साली लागला. तंतुकणिकेच्या आवरणावर पहारा देणारी प्रथिने असतात. त्यांतील 'बीसीएल-२' सारखी काही दार बंद ठेवतात, तर काही ते उघडायला मदत करतात. दोन्ही बाजूंचे बल समान असेतो पेशी जगते.

हा तोल दोन्ही बाजूंना बिघडू शकतो. मरायला हवे होते ते मेले नाही तर पेशींची बेसुमार वाढ होते. बीसीएल-२ हे प्रथिन प्रथम सापडले ते एका प्रकारच्या कर्करोगातच. उलट, जगायला हव्या होत्या त्या पेशी मेल्या तर अवयव झिजतो. आपल्या शरीरात दररोज ५,००० ते ७,००० कोटी पेशी नियोजित रीतीने मरतात, असा अंदाज आहे. कातडीच्या, आतड्याच्या आणि रक्ताच्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही. मेंदूचे मात्र तसे नाही.

ज्यांची बदली होत नाही त्या पेशी

रिटा लेव्ही-मोन्ताल्चिनी या इटलीतील शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यूंवरील निर्बंधांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले, तेव्हा तुरीन येथे स्वतःच्या झोपण्याच्या खोलीत प्रयोगशाळा मांडून त्या कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या चेतापेशी तपासत होत्या. त्यांच्या आणि नंतरच्या संशोधकांच्या कामातून एक गोष्ट स्पष्ट झाली. वाढत्या गर्भात चेतापेशी गरजेपेक्षा पुष्कळ जास्त तयार होतात. ज्या पेशीचा धागा योग्य ठिकाणी पोचतो तिला तेथून पोषक प्रथिन मिळते आणि ती जगते. जिला ते मिळत नाही ती मरते. काही भागांत निम्म्याच्या आसपास चेतापेशी अशा मरतात. हे पोषक प्रथिन शोधल्याबद्दल लेव्ही-मोन्ताल्चिनी यांना स्टॅन्ली कोहेन यांच्यासह १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

म्हणजे चेतासंस्थेच्या घडणीतही मरणाचा वाटा आहे. पण एकदा ही छाटणी संपली की नियम बदलतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतील बहुतेक सर्वांना जन्मभर काम करायचे असते. त्या पुन्हा विभागत नाहीत. मेलेल्या पुर्किन्ये पेशीच्या जागी नवी पेशी येत नाही.

येथे थोडे गणित करू. अनुमस्तिष्कातील पुर्किन्ये पेशींची संख्या दीड कोटीच्या आसपास धरतात. केवळ उदाहरणादाखल समजा, रोज १,००० पेशी मरू लागल्या. दीड कोटीला हजाराने भागले की १५,००० दिवस, म्हणजे सुमारे ४१ वर्षे! पहिली कित्येक वर्षे माणसाला कसलीही शंका येणार नाही, कारण उरलेल्या पेशी काम चालवून नेतील. आता आणखी एक पायरी पुढे जाऊ. एक पेशी मरून साफ व्हायला ६ तास लागतात असे धरा. मग कोणत्याही क्षणी मरणपंथाला लागलेल्या पेशी फक्त २५०, म्हणजे ६०,००० मध्ये एक! सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचा पातळ काप ठेवून अशी पेशी नेमकी मरताना पकडणे किती कठीण, हे यावरून कळेल. पार्किन्सन, अल्झायमर किंवा वाडियांनी नोंदलेला विकार यांत चेतापेशी नेमक्या कोणत्या मार्गाने मरतात, यावर शास्त्रज्ञांचे वाद इतकी वर्षे चालू राहिले, त्याचे एक कारण हे आहे.

अडकलेली तबकडी

नऊ कुटुंबांच्या नोंदीनंतर २५ वर्षांनी, १९९६ साली, या विकाराचे जनुक सापडले. तीन वेगवेगळ्या संशोधक गटांनी ते एकाच सुमारास शोधले. हे जनुक १२ व्या गुणसूत्रावर आहे आणि ते 'अटॅक्सिन-२' नावाचे प्रथिन कसे बनवायचे ते सांगते. विकाराला आता 'एससीए-२' असे आखूड नाव आहे.

जनुकातील मजकूर ए, टी, जी आणि सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. तीन अक्षरांचा एक शब्द, आणि प्रत्येक शब्द म्हणजे एका अमिनो आम्लाची खूण. अटॅक्सिन-२ च्या जनुकात 'सीएजी' हा शब्द ओळीने पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक माणसांत तो २२ वेळा असतो. एससीए-२ च्या रुग्णांत तो ३३ किंवा त्याहून अधिक, पुष्कळदा ३७ ते ३९ वेळा आढळतो. ओरखडा पडलेली तबकडी जशी एकच ओळ वाजवत राहते तसाच हा प्रकार. त्यामुळे प्रथिनात ग्लुटामिन या एकाच अमिनो आम्लाची लांबच लांब माळ तयार होते, आणि असे प्रथिन चेतापेशीला हळूहळू जाचू लागते.

पुनरावृत्ती जितकी जास्त, तितका विकार लहान वयात सुरू होतो. एका पिढीतून दुसऱ्या पिढीत जाताना ही संख्या वाढू शकते, म्हणून वडिलांना चाळिशीत झालेला त्रास मुलाला विशीतही होऊ शकतो. डॉ. वाडिया आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली सहा भारतीय कुटुंबांचा जनुकीय अभ्यास पुन्हा 'ब्रेन' मध्येच प्रसिद्ध केला आणि मंद नजर ही या विकाराच्या निदानातील किती महत्त्वाची खूण आहे, ते दाखवले. आज जगात एससीए-२ चे प्रमाण सर्वांत जास्त आढळते ते क्यूबा देशातील ओल्गिन प्रांतात. भारतातही तोल जाण्याच्या आनुवंशिक विकारांमध्ये तो प्रमुख मानला जातो. भारत सरकारने डॉ. वाडियांना २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरवले.

आई किंवा वडील यांपैकी एकाकडे हे बिघडलेले जनुक असेल तर प्रत्येक अपत्यात ते येण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीइतकीच. मुलगा असो वा मुलगी, थोरले असो वा धाकटे, प्रत्येकासाठी नाणे नव्याने उडवले जाते. लक्षणे बहुधा तिशीच्या सुमारास दिसू लागतात. तोपर्यंत लग्न होऊन मुलेही झालेली असतात. रक्ताची चाचणी करून हे जनुक आधी ओळखता येते. पण उपाय नसलेल्या विकाराची बातमी आधी कळावी की कळू नये? यावर प्रत्येक घरात वेगळे उत्तर येऊ शकते. म्हणून अशी चाचणी समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाच्या सल्ल्यानेच करायची असते.

कात्री बंद केली तर?

पेशी कशी मरते हे कळले, कात्री कोणती तेही कळले. मग कात्री बंद ठेवणारे औषध द्यावे म्हणजे चेतापेशी वाचतील आणि रुग्ण बरा होईल, असा विचार मनात येणे साहजिक आहे. १९९० नंतर अनेक शास्त्रज्ञांनी नेमका हाच विचार केला. त्याचे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे.

उंदरांची एक जात अशी आहे की तिच्यात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या प्रेरक चेतापेशी जन्मानंतर लवकरच झिजतात आणि उंदीर काही आठवड्यांतच मरतो. १९९५ साली शास्त्रज्ञांनी या उंदरांत बीसीएल-२ या पहारेकऱ्याचे प्रमाण वाढवून ठेवले. अपेक्षेप्रमाणे चेतापेशींची मुख्य शरीरे वाचली. पण त्यांच्यापासून स्नायूंपर्यंत जाणारे लांब धागे, म्हणजे अक्षतंतू, झिजायचे थांबले नाहीत. उंदीर पूर्वीसारखेच मेले. वीजघर शाबूत, पण गावाकडे जाणाऱ्या तारा तुटलेल्या. मग गावात उजेड कसा पडणार?

माणसांवरील अनुभवही असाच आला. मिनोसायक्लिन हे प्रतिजैविक उंदरांत पेशीमृत्यूचा मार्ग अडवते असे दिसले होते. प्रेरक चेतापेशी झिजवणाऱ्या एएलएस या विकाराच्या ४१२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने ढासळली होती. पार्किन्सनच्या रुग्णांवर अशाच हेतूने केलेली दुसरी एक मोठी चाचणी २००५ साली थांबवावी लागली, कारण औषधाचा उपयोग दिसत नव्हता.

या अपयशांनी एक मोलाची गोष्ट शिकवली. चेतापेशीचे मरण ही पुष्कळदा कहाणीची शेवटची ओळ असते, पहिली नव्हे. एससीए-२ चे जनुक बसवलेल्या उंदरांत असे दिसले की पुर्किन्ये पेशी मरण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या विद्युतसंदेशांची लय मंदावते. पेशी जिवंत असते, पण कामाची राहिलेली नसते. अशा पेशीचे फक्त मरण अडवून काय साधणार? ओढा तिच्या दुखण्याच्या मुळाकडे न्यायला हवा.

२०१७ साली त्या दिशेने एक पाऊल पडले. जनुकातील मजकूर प्रथिन बनवणाऱ्या यंत्रणेकडे नेणारा निरोप्या रेणू असतो. त्याला नेमका चिकटेल असा डीएनएसारखा छोटा तुकडा प्रयोगशाळेत तयार करता येतो. निरोप पोचलाच नाही तर जाचक प्रथिनही कमी बनते. एससीए-२ च्या उंदरांना असा तुकडा दिल्यावर पुर्किन्ये पेशींची लय सुधारली आणि उंदीर अधिक तोल सांभाळून चालू लागले. अशाच छोट्या तुकड्यांच्या तत्त्वावर, पण थोड्या वेगळ्या रीतीने काम करणारे नुसिनर्सेन हे औषध लहान मुलांच्या एका आनुवंशिक चेताविकारावर २०१६ पासून वापरात आले आहे. एससीए-२ ला मुळापासून थांबवणारे औषध मात्र अद्याप नाही. व्यायामोपचाराने तोल आणि हालचाल काही काळ सुधारता येते. तोच आज मोठा आधार आहे.

आपल्यापाशी काय उरते?

नियोजित मरण ही शरीराची जुनी, उपयुक्त व्यवस्था आहे. तिच्यामुळे शेपूट जाते, बोटे सुटतात आणि बिघडलेल्या पेशी वेळेवर दूर होतात. चेतापेशीच्या विकारात ती व्यवस्था दोषी असतेच असे नाही. पुष्कळदा ती आधीच खचलेल्या पेशीची शेवटची आवराआवर करते. म्हणून नुसते मरण अडवणे म्हणजे उपचार नव्हे. पेशी जिवंत असताना तिला काय जाचते आहे, ते शोधणे हा खरा मार्ग. त्यासाठी विकार लवकर ओळखता यायला हवा, आणि लवकर ओळखण्यासाठी डोळ्यांच्या उडीसारख्या साध्या खुणा आजही उपयोगी पडतात. एससीए-२ चे जनुक असलेल्या पण अजून आजारी न पडलेल्या माणसांच्या नजरेचा वेग आता यंत्राने मोजतात, तो याचसाठी.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावी. झोकांड्या खात चालणारा, अडखळत बोलणारा माणूस दिसला की आपण पटकन समजतो की तो दारू प्यालेला आहे. एससीए-२ सारख्या विकाराच्या रुग्णांना हा अपमान रस्त्यात, बसमध्ये, कधी कधी नोकरीच्या ठिकाणीही सोसावा लागतो. हा विकार संसर्गाने पसरत नाही, तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि त्या माणसाची समज बहुधा शाबूत असते. ते हसणे त्याला नीट कळते. म्हणून विचारायचे झाले तर त्याला एवढेच विचारावे, "काका, हात देऊ का?"